चाखायचं नाही

माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात चमचा तोंडात घालायला बंदी आहे. पाटी वगैरे लावलेली नाही. लावली असती तर बरं झालं असतं, पाटी निदान फाडता तरी येते.

ताई दातांच्या डॉक्टरकडे समोरच्या टेबलावर बसते. नंबर लावते, फोन घेते आणि दिवसभर किडलेल्या दातांची पोरं बघते. म्हणून 'साखर' हा शब्द ती असा उच्चारते, जसा बाकीचे लोक 'पोलीस' उच्चारतात. त्याला माझी हरकत नाही. साखर काही माझी आत्या लागत नाही, की मी तिची बाजू घेऊन भांडावं. पण गेल्या वर्षभरात ताई दातांवरून पोटावर आली, पोटावरून वजनाच्या काट्यावर आणि काट्यावरून थेट माझ्या भाचीवर. तिथे माझी हरकत सुरू होते.

भाचीला आम्ही चिंगी म्हणतो. अकरा-बारा वर्षांची आहे, अंगाने भरलेली, आणि जीभ अशी की विचारू नका. पूर्वी ताई शेगडीपाशी असली की ही स्टुलावर बसलेली असायची, हातात चमचा. चाखायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "दालचिनी झोपलीय." "लवंग ओरडतेय, बाकीच्यांना बोलूच देत नाही." "आलं रुसलंय, थोडं अजून घाल." आम्ही हसायचो, पण ती सांगेल तसं केलं की पातेल्यातला ऐवज खरंच सुधारायचा.

मग महिन्यापूर्वी काकांच्या घरी सगळे जमलो होतो. चिंगीने केकच्या दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ताई हसत हसत, सगळ्यांच्या देखत मला म्हणाली, "अगं, हिचं माप घेऊन ठेव. दोन सीटचं कापड लागेल." लोक हसले. काकू तर ठसका लागेपर्यंत हसल्या. मी तिथल्या तिथे ताईला सुनावलं तर म्हणते, "गंमत केली गं, तुला तर बाई काही बोलायची सोय नाही." चिंगीने हात मागे घेतला. तो अजून मागेच आहे.

त्या दिवसापासून पोरीने कुणाच्या देखत घास घेतलेला नाही. ताट उचलते, खोलीत जाते, दार लोटून घेते. बाहेर कुठे गेलं की "भूक नाही." स्टूल गॅलरीत गेलंय, त्यावर आता कुंडी आहे. ताईला वाटतं पोर शहाणी झाली. मला वाटतं पोर हातातून चाललीय. त्या शनिवारी मी दुकान बंद ठेवून ताईकडे गेले ती एवढ्याचसाठी, की या पोरीला माझ्यासमोर काहीतरी खाताना बघायचं. पेरूची फोड का असेना.

घरात पाऊल टाकलं तर सगळं घर नुसतं फिरत होतं. ताई ओट्यापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून ओट्यापर्यंत. हातात फडकं, पुसलेलंच परत पुसणं. भाऊजी सर्दीने बेजार होऊन हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते, एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. ते गाडी शिकवतात, त्यामुळे घरातसुद्धा पाय सारखा ब्रेक शोधत असतो. चिंगी तेवढी खाली बसलेली, पांढऱ्या कागदाचे तुकडे कापत.

"आलीस? हात धू. आधी हात धू," ताई म्हणाली. "दुपारी निघायचंय. शाळेचा मेळावा आज आणि उद्या. सगळ्या आया केक, बिस्किटं, चॉकलेटं आणणार. नुसती साखर! मी एकटी बिनसाखरेचं नेणार. बघू देत लोकांना."

टेबलावर ओव्हनचे ट्रे मांडलेले. आमच्या आईची थंडीतली जुनी पद्धत होती. सफरचंदं आणि संत्री सालासकट शिजवायची, घोटायची, त्यात लवंग-दालचिनी घालायची, ट्रेमध्ये पातळ पसरायची आणि मंद आचेवर दिवसभर सुकवायची. ओव्हनचं दार नीट लावायचं नाही, फटीत लाकडी पळी अडकवायची म्हणजे वाफ बाहेर जाते. वाळलं की कात्रीने पट्ट्या कापायच्या आणि कागदात गुंडाळायच्या. आई त्यात साखर मुठीमुठीने घालायची. ताईने ती काढून टाकली होती. शाबास, म्हटलं. बाकी सगळं जसंच्या तसं.

मी एक पट्टी उचलली. वाकवून बघितली, ताणून बघितली. "ताई, रेक्झीन एक नंबर आलंय. रिक्षाला लावू?"

"कापायचं काम कर. जीभ चालवू नकोस."

स्टीलची पट्टी ठेवून मी सरळ रेघेत कापायला लागले. कापायचं मला कळतं. चवीचं नाही. वर्षानुवर्षं चिकटवायच्या सोल्यूशनच्या डब्यावर नाक ठेवून माझ्या नाकाचा आणि जिभेचा पार भुगा झालाय. मला गोड, खारट, गरम आणि गार एवढंच समजतं. तरी मी एक तुकडा तोंडात टाकला. चिकट होता.

"कसं झालंय?" ताईने विचारलं.

"मला काय विचारतेस? मी चामड्याचा पट्टा खाऊनही छान म्हणेन. तू खाऊन बघ ना."

"माझं सकाळचं झालंय. आता एकदम रात्री."

"अख्खं खा म्हणाले का? कोपरा मोड."

"कोपरा-कोपरा करतच चढतं," ताई म्हणाली आणि बोटाला लागलेला गर नळाखाली धरला. आधी साबण, मग परत साबण. स्वतःच्याच हातचं बोटावरून चाटायला घाबरणारी बाई मी पहिल्यांदा बघत होते. तिच्या मनगटाचं हाड वर आलं होतं. घड्याळ सैल झालं होतं, ते सारखं कोपराकडे सरकत होतं आणि ती सारखं खाली ओढत होती.

"यांना विचार," ती म्हणाली.

भाऊजी आले, पट्टी तोंडात टाकली. नाक बंद, घसा बंद. "झकास!" म्हणाले. "एकदम टॉप गिअर!"

"भाऊजी, तुम्हाला आत्ता साबणाची वडी दिली तरी टॉप गिअर म्हणाल."

"मेहुणीबाई, नवऱ्याने झकासच म्हणायचं असतं. एवढ्यावर माझं लायसन टिकून आहे." शिंकत शिंकत ते परत हॉलमध्ये गेले.

चिंगी उठली आणि खिडकी उघडली. गार वारा आत आला.

"लाव ती. कागद उडतायत," ताई म्हणाली. चिंगीने लावली. बसली. थोड्या वेळाने परत उठली आणि परत उघडली. नाक आक्रसलेलं. मला ते दिसलं, पण वाटलं पोरीला उकडत असेल.

मी तिच्याजवळ खाली बसले. पट्टीचा एक तुकडा पुढे केला. "चिंगे, या घरात जीभ तुला एकटीलाच आहे. सांग बरं, लवंग काय म्हणतेय?"

तिने तुकड्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. मग कागदाकडे. "भूक नाही."

"भुकेचं कोण विचारतंय? चव सांग."

"तिला आग्रह करू नकोस," ताई तिकडून म्हणाली, आणि आवाजात असा काही अभिमान की मला ट्रे भिरकावावासा वाटला. "तिने स्वतःहून सोडलंय अधेमधे खाणं. तोंडावर ताबा आला की सगळं येतं. हो ना बाळा?"

"हो," चिंगी म्हणाली.

मी उठले. "ताई, ही पोर खोलीत दार लावून जेवते. चोरासारखी. स्वतःच्या घरात. याला तू ताबा म्हणतेस?"

"तुला मूल नाही, तुला काय कळतं?"

"मला भूक कळते. तेवढं पुरे आहे."

"शाळेत तिला काय काय म्हणतात माहितीये तुला? मी तिला वाचवतेय!"

"शाळेत म्हणतात ते पोरं म्हणतात. काकांच्या घरी कोण म्हणालं होतं?"

घड्याळ घरंगळून कोपराशी गेलं होतं, ते तिने खाली ओढलं नाही. चिंगी कागदांचा गठ्ठा नीट एकावर एक ठेवून खोलीत गेली. दार लोटलं.

"झालं समाधान?" ताई म्हणाली.

नव्हतंच झालं. पण डबे भरायचे होते. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून पट्ट्या गुंडाळत राहिलो आणि एकमेकींच्या हातांकडे बघत राहिलो.

शाळेच्या हॉलमध्ये भिंतीला लागून टेबलं मांडली होती. ताईने स्वतःच्या हाताने रंगवलेला बोर्ड लावला: फक्त फळं आणि मसाले, साखर अजिबात नाही. पहिल्यांदा गर्दी झाली ती आमच्याच टेबलाशी. लोकांना आरोग्याचं वेड असतं, निदान दुसऱ्या कुणी तयार करून दिलं की असतंच. एका बाईंनी पट्टी घेतली, चावली आणि चघळता चघळता त्यांचा चेहरा गोदामाचं शटर पडावं तसा खाली खाली आला. "वेगळंच आहे हो," म्हणाल्या आणि चालू लागल्या. 'वेगळंच' हा शब्द मी ओळखते. मी शिवलेलं कव्हर गिऱ्हाइकाला आवडलं नाही की ते हेच म्हणतं.

मग एक बाप आला. "छान, छान," म्हणत त्याने उरलेला तुकडा खिशात घातला. मग एक आजोबा, काठी टेकत. त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. गर्दी पलीकडच्या केकवाल्या टेबलाकडे सरकली. ताई पट्ट्या सारख्या करत होती, परत सारख्या करत होती. पायावर पाय बदलत होती. टेबलाखालच्या टोपलीत मी डोकावले. अर्धवट चावलेल्या पट्ट्या, एकावर एक. मी पायाने टोपली आत ढकलली. उपयोग झाला नाही. ताईनेही बघितली होती.

तेवढ्यात चिंगीच्या वर्गशिक्षिका आल्या. गोड स्वभावाच्या, मोठ्या आवाजाच्या. "अगं, तुझ्या आईने एवढं केलंय आणि तू नाही घेत?"

चिंगी टेबलाच्या कडेला हात मागे बांधून उभी होती. आसपासचे चार लोक वळले. अशा वेळी लोक वळतातच.

"ती नाही खात हो अधेमधे," ताई घाईने म्हणाली. "फार ताबा आहे तिचा तोंडावर."

"अरे वा! बघा रे, शिका काहीतरी," बाई सगळ्यांना म्हणाल्या.

आता सगळे तिच्याकडे बघत होते. तोंडाकडे नाही, खाली. पोटाकडे. लोक कुठे बघतात ते मला बरोबर कळतं, दिवसभर मापं घेते मी. चिंगीचे कान लाल झाले. मला वाटलं आता ही पळणार. मी टेबलाला वळसा घालून तिच्याकडे निघालेच होते.

तिने हात पुढे केला. एक पट्टी उचलली, कागद सोडवला आणि सगळ्यांसमोर चावली. सावकाश चावली. डोळे मिटून, पूर्वीसारखे. हॉलमधला गोंगाट चालूच होता, पण आमच्या टेबलाभोवती कुणी हलत नव्हतं. तिने घास गिळला.

"कडू आहे," ती म्हणाली.

बाई ओशाळून हसल्या. "असं नाही म्हणू—"

"संत्र्याची साल कडू आहे. आजी साखर घालायची म्हणून ती लपायची. साखर काढली तर सालही काढायला हवी होती. आतलं पांढरं तरी." मग आईकडे न बघता म्हणाली, "काल शिजताना वासावरूनच कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?" ताईचा आवाज फुटला.

"तूच म्हणालीस ना, तोंडावर ताबा ठेव."

मग त्या आजोबांनी काठी आपटली आणि खो-खो हसायला लागले. "देवा! मी मघापासून रुमालात धरून बसलोय! मला वाटलं माझ्याच गोळ्यांमुळे तोंड कडू झालंय!" त्यांनी रुमाल उघडून दाखवला. खिशातल्या तुकड्यावाल्या बापाने खिशातून तुकडा काढला. सगळे हसले. चिंगीला नव्हते हसत, पट्टीला हसत होते. हा फरक तिला कळला की नाही ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

ताई हसली नाही. तिने बोर्ड उलटा ठेवला आणि डबे भरायला लागली.

गाडीत भाऊजींनी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा शिंक आली. घरी आल्याबरोबर ताई चपला न काढता स्वयंपाकघरात शिरली आणि नाशपाती सोलायला लागली. सोलणं कसलं, भांडणच. सालांबरोबर अर्धा गर जात होता.

"काय करतेस?" मी विचारलं.

"उद्याही मेळावा आहे." सुरी खाडखाड. "मी काय माघार घेणारेय?"

मी दुसरी सुरी घेतली. नाशपाती, सफरचंदं, चार खजूर. संत्र्याचा नुसता रस. दालचिनीचा तुकडा, किसलेलं आलं, लवंगा मोजक्या. पातेल्यात झाकण ठेवून सगळं मऊ झालं, मग घोटलं, मग उघडं ठेवून आटवायला लागलो. पळी फिरवली की तळावर रस्ता दिसला पाहिजे आणि तो लगेच बुजता कामा नये. बाहेर अंधारून येत होतं. दिवा मीच लावला, ताईच्या लक्षात नव्हतं.

चिंगी दारात येऊन उभी राहिली. आत नाही, बाहेर नाही.

ताईने चमचाभर गर बशीत काढला, फुंकर घातली आणि बशी तिच्याकडे धरली. "सांग. काय कमी आहे?"

चिंगीने बशीकडे बघितलं. "आधी तू खा."

"मी नाही खात आत्ता. माझं आजचं झालंय."

"मग माझंही झालंय."

मी पळी फिरवत राहिले. खूप काही बोलावंसं वाटत होतं, जीभ दातांनी धरून ठेवली. माझ्या आयुष्यात असं फार कमी वेळा झालंय.

"चिंगे, हट्ट करू नकोस," ताई म्हणाली. "तुझ्यासाठीच विचारतेय."

"माझ्यासाठी नाही. मेळाव्यासाठी विचारतेयस." पोरीचा आवाज वर गेला नाही, तेच वाईट होतं. "तू कधीच खात नाहीस आमच्यासमोर. बाबा विचारतात तर म्हणतेस, मी मघाशी खाल्लं. नसतंच खाल्लेलं. मला माहितीये."

ताईने बशी ओट्यावर ठेवली. परत उचलली. माझ्याकडे बघितलं, मी जणू तिला तारणारच. मी कसली तारतेय! मी पातेल्यात बघितलं.

मग तिने चमचा तोंडात घातला. पटकन, औषध घ्यावं तसा. गिळला. तिथेच उभी राहिली.

"काय?" चिंगीने विचारलं.

"गोड आहे," ताई म्हणाली. "पण... काहीतरी सपाट आहे."

"काय सपाट आहे?"

"मला नाही येत ते." तिने दुसरा चमचा घेतला. आता पातेल्यातूनच. "आलं कमी आहे का?" तिसरा घेतला. "आलंच कमी आहे." चौथा घेताना तिने काही विचारलं नाही. पाचवाही घेतला. मग ती नुसतीच खायला लागली, ओट्याला टेकून, पदर सावरायचंही भान नाही, तोंड भाजत होतं तरी. फुंकर घालायलाही थांबत नव्हती. मी पळी बाजूला काढून घेतली. अख्ख्या वर्षाची भूक मी डोळ्यांनी बघत होते, आणि ती बघणं सोपं नव्हतं. ताईला तरी ती कुठे बघायची होती? म्हणून तर ती सारखी पुसत होती, धूत होती, फिरत होती.

"आई, हळू," चिंगी म्हणाली. आत आली. तिने आल्याचा तुकडा किसणीवर घासला, पातेल्यात टाकला आणि ढवळलं. मग खण उघडून स्वतःसाठी चमचा काढला. माझ्याकडे एकदा बघितलं. मी मुद्दाम सालं गोळा करायला वाकले.

वर आले तेव्हा ती खात होती. आईच्या शेजारी, दार उघडं, दिवा लावलेला, मी समोर. खोकला आला म्हणून भाऊजी पाणी प्यायला आले आणि दारातच थांबले. "काय चाललंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्हाला मिळणार नाही. तुम्हाला चव कळत नाही."

"निदान खरवड तरी द्या!"

ताई हसली का ते नक्की नाही सांगता येत, तोंड भरलेलं होतं. उद्या ती परत काट्यावर चढेल. परवा चिंगीला परत काहीतरी बोलेल. तिचा स्वभाव एका पातेल्याने बदलायचा नाही आणि मी तसं खोटं सांगणार नाही. पण पातेल्याचा तळ दिसायला लागला होता आणि दोघींपैकी एकीनेही चमचा खाली ठेवला नव्हता.

"आता उद्या नेणार काय?" भाऊजींनी विचारलं.

"सफरचंदं आहेत अजून," चिंगी भरल्या तोंडाने म्हणाली. "मावशी, तू सोल."